ड्रेनेज आमदारांनी बघावं, मुलांचं आम्ही बघू!

आमदारांनी ड्रेनेज बघावं, मुलांच्या मनाचं आमचं आम्ही बघून घेऊ, हे मत पुण्याच्या नारायण पेठेत इतकं पक्कं आहे की त्याला मत म्हटलेलंही लोकांना आवडत नाही. लक्ष्मी रस्त्यावर पार्किंग मिळत नाही आणि मुलाचं मन हा घरातला मामला आहे, या दोन्ही गोष्टी इथे सारख्याच निर्विवाद. मध्यंतरी आमच्या सोसायटीत आमदारांना द्यायच्या निवेदनाची यादी चालली होती. तुंबणारं चेंबर, कोपऱ्यावरचा बंद दिवा, मांडवामुळे अडणारा रस्ता, कबुतरांचा बंदोबस्त असे मुद्दे भराभर चढत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आईने सुचवलं, "आपल्या भागातल्या शाळांत समुपदेशक नेमलेत का, हेही विचारू या ना." निवृत्त झाल्यापासून पेठेचा सगळा भार ज्यांच्या खांद्यावर आला आहे अशा एका काकांनी चष्मा वर सरकवला. "वहिनी, ते आमदार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ नाहीत." हशा पिकला. समुपदेशक यादीत आला नाही. कबुतरं आली.

त्या हशाला उत्तर देणं भाग आहे, कारण काका एकटे नाहीत. त्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा नीट मांडायचं तर ते असं: आमदाराचं काम म्हणजे विकास आणि विकास म्हणजे डोळ्यांना दिसतो तो. मुलं नाजूक झाली हा पालकांच्या लाडांचा परिणाम. आमच्या वेळी असली थेरं नव्हती, छड्या खाल्ल्या, काही बिघडलं नाही. हल्लीच्या मुलांचा मोबाइल काढून घेतला की सगळं ताळ्यावर येतं. त्यातूनही कुणाला काही झालंच तर सरकारने फोन नंबर दिलेला आहे. आणि मुख्य म्हणजे, असल्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत.

ऐकायला किती सुसंगत! आता हे एकेक करून तपासू.

आधी आमदाराचं काम. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९चा आहे आणि त्यानुसार रस्ते, गटारं, दिवाबत्ती ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. म्हणजे ज्या चेंबरसाठी आपण आमदाराच्या दारात उभे राहतो ते चेंबर कायद्याने त्यांचं नाहीच. उलट सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हे विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीत आहेत. शिक्षण १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं, तिथेही विधानसभेला कायदा करता येतो. मग मुलांचं आरोग्य आणि मुलांची शाळा हे आमदाराचं काम नाही, हे कुणी ठरवलं? नगरसेवकाचं काम आपण आमदाराला सांगतो आणि आमदाराचं काम कुणालाच सांगत नाही. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे लोक चेंबरसाठी आमदाराकडे गेले, एवढं मान्य. पण ही सवय २०२२ची नाही. ती फार जुनी आहे.

त्या सवयीला पैशाचंही खतपाणी आहे. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. त्यातून सभामंडप बांधता येतो, व्यायामशाळा उभारता येते, बाकडी टाकता येतात. थोडक्यात, ज्यावर नाव रंगवता येईल असं काहीही. पगारासारखा दरमहाचा खर्च मात्र त्यात बसत नाही. समुपदेशक हा माणूस आहे, त्याला दर महिन्याला पगार लागतो आणि त्याच्या पाठीवर 'आमदार निधीतून' असं रंगवता येत नाही. काका इथे टाळी मागतील: बघा, निधीतच बसत नाही! अहो, पण आमदाराला आपण निवडून दिलं ते ५ कोटी वाटायला का? विधानसभेत तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी मांडता येते, अर्थसंकल्पात कपात सूचना देता येते, अशासकीय विधेयक आणता येतं. मंत्र्याला उभं करून 'किती पदं मंजूर, किती भरली, उरलेली कधी भरणार' हे वदवून घेता येतं. हे अधिकार नगरसेवकाला नाहीत, गणेश मंडळाच्या अध्यक्षाला नाहीत आणि काकांनाही नाहीत. राज्यात फक्त २८८ लोकांना विधानसभेत बसून ते वापरता येतात. त्यातल्या एकाला पेव्हर ब्लॉकच्या रंगात गुंतवून ठेवायचं, ही कसली व्यवहारबुद्धी?

शासनाच्या एका निर्णयाने मुलांच्या मनावरचं ओझं हलकं होतं का? होतं. दहावीत एखादा विषय राहिला की ऑक्टोबरची वाट पाहायची आणि वर्ष वाया घालवायचं, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं. २०१५पासून जुलैमध्येच फेरपरीक्षा घ्यायला सुरुवात झाली. मूल तेच, पेपर तेच, पण त्याच वर्षी अकरावीला जायची वाट उघडी राहिली. निकालाच्या दिवशी ज्या घरात स्वयंपाक होत नाही त्या घरात जाऊन विचारा या निर्णयाची किंमत. तो निर्णय कुठल्या समुपदेशकाने घेतला नव्हता, मंत्रालयात झाला होता.

आता कार्यअहवाल. वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येणारी ती गुळगुळीत, चाररंगी पुस्तिका बहुतेकांना ठाऊक असेल. पक्ष कुठलाही असो, मांडणी एकच. पहिल्या पानावर नमस्कार, मधल्या पानांवर भूमिपूजनं आणि शेवटी 'सामाजिक उपक्रम' या मथळ्याखाली मुलं. ती मुलं तिथे काय करत असतात? दप्तरं घेत असतात, किंवा सत्कार घेत असतात. दप्तरावर दात्याचा फोटो. हे झालं मुलांसाठीचं काम. कधी एखाद्या वर्षी 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर व्याख्यानही होतं. त्याचा फोटो नीट बघावा. सोफ्यावर पाहुणे, सतरंजीवर मुलं, आणि पहिल्या रांगेतली दोन-तीन मुलं उघडउघड पेंगत असतात. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय आणि मनोगतं आटोपल्यावर वक्त्याच्या वाट्याला जेवढा वेळ येतो तेवढ्यात मुलांना एवढंच सांगता येतं की ताण घेऊ नका. ताण घेऊ नका! जणू मुलं तो आपणहून घेतात.

आणि निकालाचे ते फ्लेक्स! दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत नव्वद टक्क्यांच्या वरची मुलं झळकतात, शेजारी त्यांच्यापेक्षा मोठ्या आकाराचे शुभेच्छुक. बावन्न टक्के मिळालेलं मूलही दूध आणायला त्याच चौकातून जातं. ते घरी काय घेऊन येतं, याचा हिशेब कुठल्या अहवालात आहे? मुलांच्या मनाशी लोकप्रतिनिधीचा वर्षातून एकदा संबंध येतो आणि तोही असा. वरून आपण म्हणायचं, मनाचं काम आमदाराचं नाही. उलटं काम करायला तो चालतो, सुलटं करायला नाही.

दुसरं वाक्य, 'आमच्या वेळी असं काही नव्हतं.' हे वाक्य पेठेत इतकं ऐकू येतं की त्यावर वेगळा कर लावला तर महापालिकेची तूट भरून निघेल. नव्हतं? मॅट्रिकच्या निकालानंतर वर्तमानपत्रांत छोट्या चौकटी यायच्या, त्या आठवतात? चिरंजीव अमुक यास, आहेस तिथून निघून ये, आईने अंथरूण धरलं आहे, कोणी रागावणार नाही. खाली पत्ता. कधी फोटो, चापून भांग पाडलेला. ही चौकट देणाऱ्या बापाला 'असं काही नव्हतं' हे जाऊन सांगायची हिंमत आहे का कुणाची? काही मुलं परत आली, काही आली नाहीत. ज्यांना घराबाहेर पडता आलं नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे विशेषणं होती: घुमा, एककल्ली, तऱ्हेवाईक, अंगात आल्यासारखं करणारी. वाड्यातल्या मागच्या खोलीत कुणीतरी आत्या किंवा काका असायचेच, ज्यांच्याबद्दल मुलांनी विचारायचं नसतं. तुमच्या वेळी दुखणं होतंच, त्याची मोजदाद नव्हती.

आणि उपायही अगदीच नव्हता असं नाही. देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईत निघालं, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये. स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी. म्हणजे हे थेर आजच्या पालकांनी पाश्चात्त्यांकडून कालपरवा आणलेलं नाही, ते आजोबांच्या वयाचं आहे. शेजारच्या सदाशिव पेठेत १९६२ साली अप्पा पेंडशांनी ज्ञान प्रबोधिनी काढली आणि मानसशास्त्राच्या आधारे मुलांची बुद्धी मोजायला सुरुवात केली. त्या चाचणीसाठी आमच्या पेठेतल्या पालकांनी किती धावपळ केली आहे! बुद्धी मोजायला मानसशास्त्र चालतं. तेच मानसशास्त्र 'हा मुलगा तीन आठवडे नीट झोपलेला नाही' असं म्हणालं की मात्र ते थेर ठरतं.

मोबाइलचं थोडक्यात आटोपतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं थोडंच आहे. रात्री एकपर्यंत चमकणारा पडदा मुलाच्या डोळ्यांसमोर नको, हे कबूल. पण तो काढून घेतल्यावर मुलाच्या हातात काय देणार? आमच्या गल्लीत वाडे होते तेव्हा प्रत्येकाला एक चौक होता, हौद होता, लगोरी फोडायला ओसरीचा कोपरा होता. वाडे पाडले, इमारती उभ्या राहिल्या, चौकाच्या जागी पार्किंग आलं. तिथे चेंडू गाडीला लागला की खाली उतरून ओरडणारे कोण? तेच, ज्यांना मुलांनी मोबाइल सोडून मैदानावर जावं असं वाटतं. कुठलं मैदान? मुठेच्या काठावर पावसाळ्यात ढोलपथकं सराव करतात, तेवढी मोकळी जागा पेठेच्या वाट्याला आली आहे. मूल सकाळी शाळेत, दुपारी क्लासला, संध्याकाळी दुसऱ्या क्लासला जातं आणि रात्री जे उरतं ते मोबाइलला मिळतं.

मग काका म्हणतात, हेल्पलाइन आहे की. आहे. टेलि-मानस, १४४१६, चोवीस तास. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चांगली सोय आहे, नंबर घरात लिहून ठेवावाच. मुलांसाठी १०९८ आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात शिक्षण मंडळही समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. पण काका, मोबाइल तर तुम्ही मघाशीच काढून घेतलात. बारा वर्षांच्या मुलाने फोन करायचा कुठून? दिवाणखान्यातून, तुमच्या समोर बसून? दूरच्या आवाजाशी बोलायला मुलाला आधी हे कळावं लागतं की आपल्याला जे होतंय त्याला काहीतरी नाव आहे आणि ते सांगितलं तर मार बसत नाही. हे कळतं ते रोज दिसणाऱ्या माणसाकडून. मधल्या सुट्टीत डबा न खाणारी मुलगी ज्याच्या नजरेला पडते, सहामाहीनंतर अचानक मागच्या बाकावर जाऊन बसलेला मुलगा ज्याला दिसतो, असा माणूस शाळेत हवा. फोन नंबर वर्गात फेरी मारत नाही.

आता 'चारचौघांत बोलू नये'कडे येतो. या शहरात येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, अडीच हजार खाटांचं. ठाणे, नागपूर, रत्नागिरी आणि येरवडा मिळून राज्यात अशी चार. त्यातल्या एवढ्या मोठ्या संस्थेचा पुणेकरांनी केलेला सर्वांत नियमित उपयोग म्हणजे भांडणात 'तुला येरवड्याला ठेवायला पाहिजे' असं म्हणणं. ज्या घरात हे वाक्य हसत हसत फेकलं जातं, त्या घरातलं मूल आपल्याला भीती वाटते असं सांगेल? कायदा आपल्या कितीतरी पुढे निघून गेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमाने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क केला आणि त्यात मुलांसाठीच्या सेवांचा स्पष्ट उल्लेख आहे. एकशे पंधराव्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं. संसदेने गुन्हेगाराचा रुग्ण केला. आपण अजून 'लोक काय म्हणतील' या कलमाखाली मुलांवर खटले चालवतो आहोत.

लोकांना आकडे हवे असतात. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचं त्यात आढळलं. साठ मुलांच्या वर्गात साधारण चार. आता गंमत बघा, ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. म्हणजे दुखण्याच्या मोजणीत आपण नव्हतो आणि मृत्यूंच्या मोजणीत पहिले आलो. या आकड्याचा फ्लेक्स कुणी लावला का? या मुलांच्या नावाने विधानसभेचं कामकाज किती वेळा थांबलं, असं आपण कधी विचारलं?

इथे एखादा म्हणतो, त्यातली निम्मी तर स्पर्धा परीक्षावाली मोठी मुलं, ती काय बाळं आहेत? मला या प्रश्नाची विशेष चीड येते, कारण तो विचारणाऱ्याच्या घरात अनेकदा तीच मुलं कॉट बेसिसवर राहत असतात. नारायण आणि सदाशिव पेठेचं निम्मं अर्थकारण या मुलांवर चाललं आहे: खोल्या, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, चहा. रात्री अकरा वाजता कुठल्याही अभ्यासिकेच्या जिन्यात चपलांचा ढीग बघावा. आत लाकडी फळ्यांनी केलेले खुराडे, प्रत्येकात एक दिवा, एक पाण्याची बाटली आणि समोर चिकटवलेला, तीनदा खाडाखोड झालेला परीक्षेचा दिनांक. ही मुलं मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून येतात, बापाने जमीन गहाण टाकलेली असते. दिनांक का खोडला जातो? ऑगस्ट २०२४मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा आणि बँकांची आयबीपीएस परीक्षा २५ तारखेलाच आली, तेव्हा ही मुलं शास्त्री रस्त्यावर ठाण मांडून बसली. मग आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. वेळापत्रक कुणी लावायचं, जागा किती काढायच्या, निकाल कधी द्यायचा, हे ठरतं राज्याच्या कारभारात. त्या अनिश्चिततेतून आलेल्या निद्रानाशाला आपण म्हणतो मुलांचा कमकुवतपणा, आणि भाडं पहिल्या तारखेला घेतो.

जुलै २०२५मध्ये विधानसभेत गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर झाला. त्याचा आनंद आम्हालाही झाला, केसरीवाड्याचा मानाचा पाचवा गणपती आमच्याच पेठेतला. त्याच महिन्यात, २५ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी पंधरा मार्गदर्शक निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत, खासगी क्लाससुद्धा त्यात आले, किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडायच्या नाहीत, त्यांना चारचौघांत लाजवायचं नाही. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. खासगी क्लाससाठी राज्याने दोन महिन्यांत नियम करायचे, आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमायची. संसद किंवा विधिमंडळ कायदा करेपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत. विधिमंडळ, काका. आमदार जिथे बसतात ते.

आमच्या कसबा मतदारसंघातून १९९५पासून सलग पाच वेळा गिरीश बापट निवडून आले, २०१९ला मुक्ता टिळक, २०२३च्या पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर, २०२४ला हेमंत रासने. माणसं बदलली, मध्ये पक्षही बदलला. लोकांनी नेलेली निवेदनं मात्र तीच राहिली. म्हणून या लेखाचा राग एका आमदारावर नाही. आमदार मागणीप्रमाणे पुरवठा करतो. आपण कबुतरं मागितली, आपल्याला जाळी मिळेल.

तेव्हा आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात पुढच्या वेळी जाल तेव्हा चेंबरचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या, तो तिथलाच आहे. आमदारांना एवढंच विचारा: मतदारसंघातल्या शंभरच्या वर पट असलेल्या किती शाळांत, किती क्लासमध्ये समुपदेशक नेमला आहे, जिल्ह्याच्या देखरेख समितीची बैठक कधी झाली, आणि येत्या अधिवेशनात यावर तुमचा प्रश्न कोणत्या क्रमांकाचा आहे. तोंडी विचारू नका. लेखी द्या, आणि पोच घ्या.